म्हैस विकली, घंटी ठेवली

तुम्ही हसणारच आहात, तर आधी चहा संपवा. उगाच ठसका लागायला नको.

आमचं बेज्जूर प्राणहितेच्या अलीकडे. पलीकडच्या जंगलात रानम्हशी उरल्यात, अगदी थोड्या. एखादी नदी ओलांडून आली तर कळवा, असं वनखात्याचे साहेब दर बाजाराला सांगायचे. आणि एका संध्याकाळी माझ्या वांग्याच्या वाडीमागे, नाल्यापल्याड, ती उभी! काळीभोर, धिप्पाड, शिंगं ही एवढी. गळ्यात घंटी नाही. आमच्याकडे जंगलात चरायला सोडलेल्या प्रत्येक ढोराला लाकडी घंटी असते. घंटी नाही म्हणजे रानातलीच, नाही का?

मी लगेच फोन केला. साहेबांनी येऊन माझी पाठ थोपटली, झाडांना कॅमेरे बांधले आणि म्हैस बुजू नये म्हणून शेजारच्या गोंडगुड्याला, म्हणजे गोंडांच्या वस्तीला, जंगलात जायची बंदी केली. ऐन मोहफुलं वेचायच्या दिवसांत!

गुड्यातली लच्चुबाई माझ्या दारात येऊन बसली. तिचं दुखणं दुहेरी. मोहफुलं पडून सडत होती, शिवाय तिची म्हैस आठ दिवसांपासून जंगलात हरवलेली, आणि शोधायला जायची सोय नाही. मी तिला रानम्हशीचं महत्त्व समजावलं. चांगला अर्धा तास. आठवलं की अजून लाज वाटते.

चौथ्या दिवशी साहेब मोबाईलवर फोटो घेऊन माझ्या ओसरीवर आले. दारात बसलेल्या लच्चुबाईनं फोटो पाहिला.

"हे तं माही म्हैस होय. संक्रांतीले याच दादाकून घेतली."

मी म्हटलं, माझी म्हैस तर हाडकुळी होती.

"तुमच्याकडं होती," ती शांतपणे म्हणाली.

साहेबांनी तिला विचारलं, मग घंटी का नाही बांधली?

"दादानं देल्ली नाई. म्हणे, जनावर इकावं, दावं-घंटी इकू नये, घरची लक्ष्मी जाते. नवी करून राह्यलो होतो, तवरच दोर तोडून गेली."

 साहेब उठले, आणि दारावर टांगलेली माझी लक्ष्मी त्यांच्या डोक्यावर खडखडली.

बंदी तिथंच उठली. दुपारी ती घंटी वाजवत मी जंगलभर हिंडलो. ओळखीच्या आवाजाला म्हैस आली, गुड्याची मोहफुलं खाऊन आणखी जाड झालेली. घंटी मी मुकाट्यानं तिच्या गळ्यात बांधली.

"दादा, नवी घंटी झाली का तुमाले आणून देतो," लच्चुबाई म्हणाली.

"दारावर टांगायला?"

"नाई. गळ्यात."