अक्काची खुडूक कोंबडी

बेंबळी गावात बदकं पाळायचं खूळ कुणाला नव्हतं, ते माझ्याच डोक्यात शिरलं. निजामाचं राज्य जाऊन दहाएक वर्षं झाली होती, ब्लॉकचं ऑफिस नवं नवं निघालं होतं आणि ग्रामसेवकानं मला बदकाची बारा अंडी आणून दिली. माझे यजमान शाळेत मास्तर. ते म्हणाले, "उद्यापास्नं पोरं मला बदकगुरुजी म्हणतील." मी म्हटलं, म्हणू देत. लग्नानंतर माझं असं मी पहिल्यांदाच काही मांडत होते.

अंडी उबवायला खुडूक कोंबडी हवी. ती शेजारच्या अक्कानं दिली. नवी नवरी होऊन आले तेव्हा ज्वारीची भाकरी थापायला मला तिनंच शिकवलं होतं. सख्ख्या बहिणीहून जास्त मानायची मी तिला. गावचा रिवाज असा, की कोंबडी जिची, निम्मी पिल्लं तिची. कोंबडीच्या अंड्यांना एकवीस दिवस लागतात, बदकाच्या अठ्ठावीस. वरच्या सात दिवसांत ती कंटाळून उठू नये म्हणून मी तिची मनधरणी करत बसायची. दहा पिल्लं निघाली.

आठवडा झाला आणि एक पिल्लू शिंकलं. मग सगळीच. नाकं चिकटली, डोळ्यांना पू आला, मान ताणून चोच उघडून श्वास घ्यायला लागली. अक्का म्हणाली, "पडसं हाय. लेकरावाणी ओव्याची धुरी दे." मी डालग्याखाली निखारे ठेवले, त्यावर ओवा टाकला आणि वरून पोतं झाकलं. बाळंतिणीच्या खोलीत करतात तसंच. दोन दिवसांत नऊ पिल्लं गेली, एकच तेवढं जगलं. अक्का म्हणाली, "धूर लई झाला, बाई. गुदमरली."

शेवटचं मेलेलं पिल्लू फडक्यात गुंडाळून मी आणि यजमान एस.टी.नं गुरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी ते चिरून दाखवलं. आत फुप्फुसांजवळ पिवळट साय धरली होती. ते म्हणाले, "धुरानं त्रास वाढला असेल, पण मारलं जंतूंनी. उबवायला कोंबडी कुणाची होती?" मी सांगितलं. ते हात धुता धुता म्हणाले, "दोन महिन्यांपूर्वी त्या बाई इथं आल्या होत्या. त्यांची पिल्लं अशीच मेली. कोंबडी बरी दिसली तरी नाकाघशात जंतू बाळगते, तिला पुन्हा पिल्लांत सोडू नका, असं मी बजावलं होतं."

घरी आले ती कोंबडी काखेत मारून थेट अक्काकडं गेले. ती ज्वारी पाखडत होती.

"डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं?"

"व्हय." सूप थांबलं नाही. "मला वाटलं, कोंबडीचा रोग बदकाला लागत न्हाय. माझं खुराडं मोकळंच झालं व्हतं. निम्मी पिल्लं आली असती."

"मग धुराचं का म्हणालात?"

तिनं सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. मी कोंबडी सोडली आणि निघाले.

वाटणीच्या लोभानं कुणी चुकतं, ते मी समजून घेतलं असतं. पण पिल्लं मेली त्या दुपारी तिच्याच मांडीवर डोकं ठेवून मी रडले होते. माझ्या हातानं मारली, माझ्या हातानं मारली, असं घोकत होते. आणि सगळं ठाऊक असलेली अक्का माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "व्हतं असं. नको मनाला लावून घेऊ."