मुळं धरेपर्यंत

लिहिण्याचा मला अधिकार आहे असं वाटत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी साधं पत्रही लिहिलेलं नाही आणि हे ज्यांच्याविषयी आहे त्या माझ्या वडिलांना, आबांना, वाचता येत नाही. तरी लिहितो आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

होळीनंतर डोंगरातल्या काठी गावचा माझा वर्गमित्र कॉलेजात परतला तो ओल्या गोणपाटात स्ट्रॉबेरीची चार रोपं गुंडाळून. त्याच्या घरी डोंगरउतारावर स्ट्रॉबेरी लावतात. रोपं विकत घ्यायची गरज नाही, म्हणाला. एखादं उन्हाळ्यातून वाचलं की त्याला दोरे फुटतात आणि दोऱ्याच्या टोकाला नवं रोप येतं. फक्त जिथून पानं फुटतात तो गड्डा मातीत जाऊ द्यायचा नाही, कुजतो.

अभ्यासाच्या सुट्टीत मी ती आमच्या गावी, कोरीटला, घरी नेली. आबा मिरचीवाले. गावात मिरचीची लागण असली की पहिलं रोप त्यांच्याकडून लावून घेतात, त्यांच्या हाताला गुण आहे म्हणतात. त्यांनी फुटका माठ आणि तेलाचे कापलेले डबे मातीने भरले आणि चारही रोपं मिरचीसारखी खोल दाबली. गड्डे दिसेनासे झाले. मी शेजारीच उभा होतो. त्यांना लागण मी शिकवायची? गप्प राहिलो.

पंधरा दिवसांत तीन रोपं सडली. त्यानंतर शेजारचे काका उन्हाळी मिरचीच्या लागणीला बोलवायला आले, तर आबांनी दुसऱ्या कुणाला न्या असं सांगितलं. काका गेल्यावर आईला हळूच म्हणाले, "मन्हा हातना गुण गया."

त्या संध्याकाळी मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"आबा, रोपं खोल गयात. माले माहीत व्हतं. मी बोलनू नही."



"कालेजमा मुका ऱ्हावानं शिकाडतस का?" मग आबांनी डबा पुढे सरकवला. "दखाड."

दाखवायला म्हणून उरलेलं रोप मी उपसलं, कुजकी पानं काढली आणि गड्डा वर ठेवून पुन्हा लावलं. माती त्यांनीच दोन बोटांनी दाबली. डबा पाण्याच्या माठाखाली, ठिबकणाऱ्या ओलीत ठेवला. उन्हाळाभर आई त्यावर ओल्या फडक्याची सावली करत होती.

जूनमध्ये मी होस्टेलला निघालो तेव्हा पहिला दोरा फुटला होता. टोकाचं रोप दुधाच्या पिशवीतल्या मातीवर ठेवून मी आईच्या केसांच्या पिनेनं अडकवलं. मुळं धरेपर्यंत दोरा कापू नका, एवढं आबांना सांगितलं. ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होते. ऐकलं की नाही, कळलं नाही.

नंतर आईचे फोन आले ते पावसाचे आणि गाय व्यायल्याचे. रोपाचं विचारायचा मला धीर झाला नाही.

आषाढ संपत आला तेव्हा फोनवर आबा होते. ते कधी स्वतःहून फोन लावत नाहीत. जेवलास का, विचारलं. सकाळी काकांच्या मिरचीचं पहिलं रोप लावून आलो, म्हणाले.

"नवा रोपनी मुळ्या धऱ्यात. दोरा आते कापू, का थांबू? तू सांग."