तीनशे पॉइंटांची माझी टीम

लग्न होऊन मी भाईंदर पश्चिमेला आले तेव्हा घरात सासूबाई होत्या, नवरा होता, धाकटा दीर होता आणि एक्केचाळीस बाहुले होते. बाहुले म्हटलं की दीर चिडायचा. "वहिनी, बाहुले नाहीत हो, सुपरहिरो आहेत ते!" मी म्हणायची, असतील बाई, पण धूळ मलाच पुसायला लागते ना त्यांची.

त्याच्या ऑफिसातले एक साहेब परदेशातून आले होते. त्यांच्या मुलाने खेळून टाकून दिलेलं या बाहुल्यांचं खोकं त्यांनी दिराला दिलं. अंगठ्याएवढे ते वीर, कुणाला पंख, कुणाच्या हातात वीज, कुणी नुसताच छाती काढून उभा. प्रत्येकाच्या पायाखाली एक गोल चकती. चकतीला बारीक खिडकी आणि खिडकीत त्याच्या ताकदीचे आकडे. मार बसला की चकती एक घर फिरवायची, आकडे उतरत जायचे, आणि शेवटी फुली दिसली की गडी बाद. प्रत्येक वीराची किंमत पॉइंटांत ठरलेली. सगळे मिळून तीनशे पॉइंटांच्या आत बसतील अशी टीम निवडायची, तिची यादी लिहायची आणि मग चटईवर आखलेल्या चौकोनांत फासे टाकून लढायचं.

रविवारी सकाळी नाश्ता झाला की दोघं मित्र यायचे. एक खालच्या मजल्यावरचा गुजराती, मला भाभी म्हणणारा. दुसरा उत्तनजवळच्या चौक गावचा, दिराबरोबर कॉलेजात होता. तिघांनाही बेरीज म्हणाल तर आनंदीआनंद! मी बिल्डिंगमधल्या पोरांची गणिताची शिकवणी घ्यायची, त्यामुळे याद्या तपासायला माझ्याकडे यायच्या. किमतीचे कागद दिराने सायबर कॅफेतून छापून आणले होते. एकाच वीराच्या तीन किमती असायच्या. चकतीला पिवळी कडी असली तर तो नवशिका आणि स्वस्त, निळी असली तर मुरलेला, पांढरी असली तर उस्ताद आणि महाग. एकदा दिराची यादी दोन पॉइंटांनी जास्त भरली. मी सरळ काट मारली आणि तो डाव त्याला न खेळता हरायला लावला. दोन दिवस धड बोलत नव्हता माझ्याशी. मी म्हटलं, फुगा, किती फुगायचं ते.

खोकं फाटलं तेव्हा वीर ठेवायला मीच माझा माहेरचा मिसळणाचा डबा दिला. आत वाट्या होत्या, प्रत्येक वाटीत पाच-सहा बसायचे. घासून दिला होता, पण वीस वर्षांचा मसाला असा एका घासण्यात जातो थोडाच!

सहा महिने मी बेरजा केल्या, चहा केला, त्यांची भांडणं सोडवली. आणि बघता बघता कळायला लागलं की हे तिघेही खेळतायत चुकीचं. प्रत्येकाला दोन-तीन महागडे राक्षस हवेत. अहो, सलग दोन वेळा चालवला की वीर दमतो आणि स्वतःच एक घर उतरतो, हा नियम कागदावर छापलाय! तरी दामटायचेच. शेवटी एका रविवारी मी चहाचा ट्रे ठेवला आणि म्हटलं, "पुढच्या वेळी मी खेळणार."

चौकचा म्हणाला, "वहिनी, लय डोकं लागतं याला."

डोकं लागतं! माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की सांगता सोय नाही. दीर हसत म्हणाला, "ठीक आहे. माझ्याशी एक डाव. जिंकलात तर दर रविवारी तुमची जागा पक्की. हरलात तर खेळायचं नाव काढायचं नाही."

"कबूल," म्हटलं.

हसू नका, पण त्या जागेसाठी माझा जीव तुटत होता. सून, वहिनी, भाभी, शिकवणीच्या बाई, सगळं होते मी. नुसती मी अशी कुठेच बसत नव्हते.

आठवडाभर कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता यादी केली. शिकवणीच्या जुन्या वह्यांच्या पाठकोऱ्या पानांवर अकरा याद्या झाल्या. एका फेरीत कुठल्याही तीनच वीरांना चालवता येतं. मग मी ठरवलं, बारके सात घ्यायचे. तीन लढतील तेव्हा बाकीचे दम खातील, पुढच्या फेरीत दुसरे तीन. माहेरी भातलावणीला आम्ही असंच करायचो, एकीची कंबर मोडू द्यायची नाही. सगळं बसत होतं, फक्त एक दणकट गडी कमी पडत होता. डब्यात चाचपताना वीजवाली सापडली. पिवळी कडी, किंमत एकतीस. खिडकीतले आकडे नवशिक्याच्या मानाने जरा जास्तच वाटले. पण भाजीवाल्याने जुडीवर जुडी फुकट टाकली की आपण गप्प पिशवीत घालतो ना, तसं केलं मी. बेरीज बरोब्बर तीनशे.

रविवारी डाव मांडला. दिराचे तीन धिप्पाड, माझे सात किडमिडीत. गुजराती शेजारी म्हणाला, "भाभी, आ शुं? बालवाडी?" पण चौथ्या फेरीपासून त्यांची तोंडं बंद झाली. दिराचे राक्षस दमून दमून स्वतःच उतरायला लागले आणि माझी बालवाडी ताजीतवानी. एक पडला, दुसरा पडला. माझेही चार गेले, पण वीजवाली उभी होती. दिराच्या शेवटच्या वीराने तिला जोरदार हाणलं. मी चकती फिरवली, एक, दोन, तीन घरं. नवशिकी कधीच आडवी व्हायला हवी होती. हिच्या खिडकीत अजून आकडे होते.

आणि माझा अंगठा पिवळा झाला होता.

हळद! कडी जिथे पुसली गेली तिथे पांढरीशुभ्र दिसत होती. उस्ताद होती बया. किंमत एकतीस नाही, बावन्न. माझी यादी एकवीस पॉइंटांनी जास्त होती.

कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ज्याने त्याने आपापली चकती फिरवायची असते, आणि याद्या तपासणारी तर मीच. एकदा फासे टाकले की डाव माझा होता. अगदी खरं सांगते, फासे हातात घेतलेही. मग दिराकडे बघितलं. दोन पॉइंटांसाठी मी त्याच्या यादीवर काट मारली होती, आणि तो बिचारा नखं खात माझ्या फाशांकडे बघत होता.

"भावोजी, डाव तुमचा," मी म्हटलं आणि अंगठा दाखवला.

सगळं सांगितलं. शेजारी म्हणाला, "जाने दो भाभी, चलता है, हळदीचा दोष." चौकच्यानेही मान हलवली. मी म्हटलं, "चालत नाही. यांच्या वेळी चाललं नाही, माझ्या वेळीही चालणार नाही. आणि बेरजेला आता दुसरं माणूस बघा, माझी चुकली." ट्रे उचलला आणि आत गेले. ओट्याशी उभी राहून पदर तोंडात धरून रडले. हरल्याचं दुःख नव्हतं हो. जिंकता येत होतं मला, चोख तीनशेत सुद्धा आलं असतं, आणि ते दाखवायची वेळ हातची गेली होती.

पुढचे दोन रविवार मी बाहेर फिरकले नाही. दिला शब्द पाळायचा म्हणजे पाळायचा. बाहेर नुसता कलकलाट. एकाची बेरीज दोनशे नव्वद, दुसऱ्याची तीनशे दहा, यादी एकच. माझे हात शिवशिवत होते, पण मी आपली आत वही घेऊन बसायची.

तिसऱ्या रविवारी तांदूळ निवडत बसले होते. दीर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, यादी द्या."

"कुणाची?"

"तुमची. बेरीज आम्ही तिघं मिळून तपासतोय."

"मी हरलेय भावोजी. शब्द दिलाय."

"आम्ही ठरवलंय. ज्याची चूक दुसऱ्याने पकडली, तो हरला. तुमची कुणी पकडलीच नाही, म्हणजे तुम्ही हरलाच नाहीत. आता पकडणार, म्हणून बोलावतोय."

रडले नाही, एकदा रडून झालं होतं. ताट बाजूला सारलं, हात झटकले आणि फळीवरची वही ओढली.

"थांबा जरा," म्हटलं, "चार तयार आहेत. त्यातली कुठली, ते ठरवू दे मला."