पदर कोणत्या खांद्यावर

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. कुणी विचारलंच, तर "एक जण मंडळ सोडून गेला" एवढंच सांगायचो. तो गेला नव्हता. मी घालवला होता. आता वय झालं, तेव्हा हे एकदा नीट लिहून ठेवतो.

निवृत्तीनंतर आम्ही सात-आठ हौशी फोटोवाले दर रविवारी सकाळी वर्ध्याजवळ नालवाडीत एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत जमत असू. हा मित्र बँकेतून निवृत्त झालेला. नियम असा, की आठवड्यातला एकच फोटो आणायचा, टीव्हीवर लावायचा आणि उभं राहून त्यातल्या चुका आधी आपणच सांगायच्या. बाकीच्यांनी नंतर बोलायचं. हेतू सुधारण्याचा होता, पण आम्ही लबाडी करायचो. "क्षितिज जरा तिरकं गेलं," असं मी पडेल आवाजात म्हणायचो आणि कुणीतरी "छे हो मास्तर, त्यातच तर गंमत आहे," म्हणेल याची वाट पाहायचो. चूकही कौतुक होईल अशीच निवडायची.

मी शाळामास्तर. परीक्षेच्या दिवसांत अनेक वर्षं भरारी पथकात होतो. मुलगा बाकावर कसा बसलाय यावरून कॉपी कुठे आहे ते मी सांगायचो. ती नजर नोकरीबरोबर सुटली नाही. दूधवाला, मीटर वाचायला येणारा, खुद्द जावई, सगळ्यांकडे मी त्याच नजरेनं पाहत असे.

अशात तो मंडळात आला. सेलूकडचा, पस्तिशीचा. घरची भाजी वर्ध्याच्या बाजारात पोचवून तसाच वर यायचा. कॅमेरा नव्हता, फोन होता. काच तडकलेली, पाठीवर काळी चिकटपट्टी. ती पट्टी पाहून पहिल्याच दिवशी मनात आलं, चोरीचा तर नसेल? खूण झाकायला लावली असेल.

तो चुका सांगायचा त्या मात्र वेगळ्याच. "सर, टोपल्याचा कोना कटला. मले दिसलंच नाई." पुढच्या रविवारी टोपलं पूर्ण असायचं, पण आभाळ जास्त आलेलं. "अंदाज चुकला सर. आता हात खाली धरीन." आणि खरंच, पुढच्या वेळी आभाळ बरोबर. दोन-तीन महिन्यांत तो आम्हा सगळ्यांच्या पुढे गेला. इतरांना आनंद झाला. मला शंका आली. जो माणूस दर वेळी "दिसलं नाई" म्हणतो, त्याचा फोटो इतका चांगला येतो कसा?

गणपतीत एका शाळेच्या हॉलमध्ये आमचं प्रदर्शन भरायचं. दारासमोरच्या भिंतीवर एकच मोठा फोटो. ती भिंत लागोपाठ दोन वर्षं माझ्याकडे होती. त्या वर्षी त्यानं जो फोटो आणला, तो पाहून सगळ्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या. वांग्याच्या वाफ्यात उभी असलेली म्हातारी बाई, एका हातानं डोक्यावरचं टोपलं सावरतेय, दुसऱ्या हातात विळा. वर गेलेल्या हाताआड चेहरा झाकलेला. सकाळचं ऊन टोपल्याच्या विणीतून तिच्या मानेवर सांडलेलं.

"माही माय हाय," तो म्हणाला. "चूक सांगतो. चेहरा लपला. मले समोर काय येऊन राह्यलं ते दिसत नव्हतं."

बँकवाला मित्र म्हणाला, "भिंत ठरली बुवा!"

"मायले घेऊन येतो मग," तो खुलून म्हणाला. "तिचा फोटो कधी भिंतीवर लागला नाई जी."

मी तोवर टीव्हीजवळ गेलो होतो. मला सापडलं होतं. पदर उजव्या खांद्यावर होता. आपल्याकडची म्हातारी उजव्या खांद्यावर पदर घेते का? तो गुजरातकडचा प्रकार. आणि विळा डाव्या हातात.

"तुझी आई डावरी आहे?" मी विचारलं.

"नाई सर. उजव्यानंच करते सारं."

"आणि पदर कोणत्या खांद्यावर घेते?"

तो गोंधळला. स्वतःच्या डाव्या खांद्याला हात लावून पाहिला. "ह्या. काऊन सर?"

"मग ही कोण?"

"आलं, भरारी पथक आलं!" कुणीतरी मागून म्हणालं. सगळे हसले, पण फोटोकडे नव्यानं पाहू लागले.

"माह्या फोनमधून तसाच निघते सर," तो म्हणाला.

"फोन पदर बदलतो का रे?"

आता हसू मोठं झालं. तोही कसाबसा हसला. फोन उलटा करून माझ्यापुढे धरत म्हणाला, "सर, ह्या पट्टीच्या खाली..."

"विषय बदलू नकोस," मी म्हणालो. परीक्षेच्या वर्गात म्हणायचो तसंच. "नेटवरचा फोटो उचलायचा आणि ओळखू नये म्हणून उलटा करायचा. हे आम्हाला कळत नाही असं वाटलं?"

मित्र हळूच म्हणाला, "मास्तर, जाऊ द्या ना." मी जाऊ दिलं नाही. त्यानं फोन खिशात घातला, दाराशी चपला शोधायला त्याला फार वेळ लागला, आणि तो उतरून गेला. भिंतीवर माझा फोटो लागला.

दिवाळीत नात आली. तिनं फोन आमच्या दोघांच्या तोंडासमोर धरून फोटो काढला आणि मला दाखवला. माझं घड्याळ उजव्या मनगटावर होतं. सदऱ्याचा खिसा उजव्या छातीवर.

"हे असं कसं?"

"आजोबा, पुढच्या कॅमेऱ्यानं उलटंच येतं. आरशासारखं."

मला त्याच्या फोनची पाठ आठवली. त्या काळ्या पट्टीखाली मागचा कॅमेरा फुटलेला होता. तो पुढच्या कॅमेऱ्यानं काढत होता. म्हणजे पडदा आईकडे, पाठ स्वतःकडे, समोर काय येतंय ते न दिसता. त्या खोलीत आपली चूक खरी खरी सांगणारा तो एकटाच होता. मी त्या चुकीचाच त्याच्याविरुद्ध पुरावा केला.

पुढच्याच आठवड्यात बाजारात गेलो. माफी मागायची, असं ठरवून. तो भाजीच्या ढिगामागे बसला होता. शेजारी एक म्हातारी वांगी निवडत होती. पदर डाव्या खांद्यावर.

"या सर!" तो उठून उभा राहिला. तो रागावलेला दिसला असता तर सोपं गेलं असतं. मला संशय आला, की हा मुद्दाम गोड बोलतोय. तेव्हाही संशयच.

"कोन हायेत रे हे?" म्हातारीनं विचारलं.

"फोटोवाले सर, माय. शिकवत होते मले."

"हौ का?" तिनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. "भिंतीवर माहा फोटो लावणार होते म्हने. मंग जागाच कमी पडली, नाई का जी?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होता. मान वर केली नाही.

"हो," मी म्हणालो. "जागा कमी पडली."

त्यानंतर भाजी आणायला सून जाते. त्या दिवशी मी घरून वाक्य घोकून गेलो होतो. रविवारी उभं राहून बोलायचो तसंच, चूक आधी आपली आपण सांगायची: तो फोटो तुझाच होता, बाई तुझीच आई होती, पट्टीखाली काय आहे ते मी पाहायला हवं होतं, मला माफ कर. पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा बाहेर आलं ते एवढंच, "वांगी अर्धा किलो दे."