उसळीच्या ओळीत माझं नाव

आमच्या मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कागदी प्लेट्स कोण आणतं, त्यावरून लोक काय ते ओळखतात. नुकतेच इथे अमेरिकेत अ‍ॅशबर्नला आलेले बॅचलर आणतात, नाहीतर ज्यांच्या हातची भाजी सगळ्यांनी एकदा खाऊन पाहिली आहे ते आणतात. मी मात्र वीस वर्षं डाळिंब्यांची उसळ नेत आले. माझी उसळ संपली की मगच लोक बाकीच्या भाज्यांकडे वळतात. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसऱ्या कोणी सांगायची वाट बघण्याचा माझा स्वभाव नाही.

गेल्या चार वर्षांत माझी नजर गेली. आता खिडकी कुठे आहे एवढंच कळतं. वाल सोलायला डोळे लागत नाहीत. मोड आलेला दाणा दोन बोटांत दाबला की साल सोडतो. फोडणी मी वासावर आणि मोहरीच्या तडतडण्यावर करते. कॉम्प्युटरचं तसं नव्हतं. कोण काय आणणार ते लिहायच्या मंडळाच्या ऑनलाइन पानावर माझं नाव नवराच लिहायचा, आणि मी शेजारी नुसती बसून राहायचे. मला त्या बसून राहण्याची फार चीड यायची.

मग मुलीने कॉलेजातून फोनवर शिकवायला घेतलं. स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम तिनेच टाकून दिला. "आई, फर्गेट द माऊस. जस्ट प्रेस एच." एच दाबलं की पुढचं शीर्षक, बी दाबलं की पुढचं बटण, टी दाबलं की तक्ता. तक्त्यात शिरलं की कंट्रोल आणि ऑल्ट धरून बाणाच्या कळा दाबायच्या, म्हणजे एकेक रकाना बोलतो. सुरुवातीला तो आवाज इतकी भरभर बडबड करायचा की मी तीनदा हेडफोन आपटला.

यंदा पाडव्याच्या जेवणाचं पान आलं तेव्हा मी नवऱ्याला हाक मारली नाही. टी दाबलं, उसळीची ओळ शोधली, नाव लिहिलं, सेव्हचं बटण दाबलं. एवढ्याशा गोष्टीने मला रडू आलं. नवऱ्याला सांगितलं तर तो "वा, ग्रेट!" म्हणाला आणि मग गप्पच झाला. मला वाटलं, त्यालाही भरून आलंय.

गुरुवारी वाल भिजत घालण्याआधी माणसं वाढली का ते बघायला मी पुन्हा ते पान उघडलं. नावांच्या रकान्यातून खाली खाली आले. उसळीच्या ओळीत आवाज म्हणाला, "ब्लँक". माझंच काही चुकलं असेल म्हणून दोनदा वरखाली केलं. अगदी शेवटच्या ओळीत माझं नाव सापडलं, पेपर प्लेट्सपुढे. शेजारच्या कॉमेंटच्या रकान्यात मी कधी जात नाही, तिथे नुसते थँक्स असतात. त्या दिवशी गेले. हवामान सांगावं तशा आवाजात प्रोग्रॅमने इंग्रजीत वाचून दाखवलं, की तिला आता गॅसजवळ जाऊ देणं बरोबर नाही, आम्हाला प्लेट्स द्या, तिला मी समजावतो. खाली माझ्या नवऱ्याचं नाव होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली. अख्ख्या मंडळाने ते वाचलेलं असणार. सगळ्यांना ठाऊक, आणि मीच काय ती खुशीत वाल निवडत बसले होते.

झालं होतं ते एकदाच. डिसेंबरात फोडणी करताना ओट्यावरच्या नॅपकिनने पेट घेतला. अलार्म किंचाळला, नवरा धावत आला, त्याने नॅपकिन सिंकमध्ये टाकला. "चला, अलार्म चालतो हे तरी कळलं," मी म्हटलं आणि आम्ही दोघं हसलो. त्यानंतर तो विषय निघाला नाही. त्याच सुमाराला त्याने घरात सपाता घालणं सोडलं. त्यांच्या फटफट आवाजावरून तो कुठे आहे ते मला कळायचं. विचारलं तर म्हणाला, पाय गरम होतात. मी सोडून दिलं.

तो घरूनच काम करतो. संध्याकाळी वरून खाली आला तेव्हा मी विचारलं, "प्लेट्स कुठल्या आणू या? फुलाफुलांच्या की साध्या?"

तो जागच्या जागी थांबला. "ते कॉमेंट्सपण वाचतं?"

"तू जे लिहिशील ते सगळं वाचतं."

"मला भीती वाटते यार," तो म्हणाला. "तू इतकी खूश होतीस. तोंडावर सांगायला जीभच रेटेना."

"म्हणून गावाला सांगितलंस? अरे, तीन महिने रोज स्वयंपाक करतेय मी. एकटी. झालं काही?"

 तो हळूच म्हणाला, "एकटी नाही. तू गॅस लावलास की मी येऊन दारात उभा राहतो. रोज."

सपातांचं त्याने काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

त्या तीन महिन्यांत मी ओट्यापाशी गाणी म्हटली होती, मीठ सांडून स्वतःला शिव्या घातल्या होत्या, एकदा पातेलं हातातून सुटलं तेव्हा खाली बसून रडले होते. हे सगळं माझं एकटीचं आहे असं मी धरून चालले होते. राग आला, पण त्याआधी एक विचारायचं होतं.

"कधी गॅसजवळून काही उचलावं लागलं तुला?" मी विचारलं.

"दोनदा."

काय उचललं ते विचारायचं माझं धाडस झालं नाही. अजूनही झालेलं नाही.

मी लॅपटॉपकडे गेले. दोनदा चुकीची कळ दाबली गेली. उसळीच्या ओळीत माझं नाव लिहिलं, प्लेट्सच्या ओळीत त्याचं, आणि ती कॉमेंट खोडून टाकली. मग वाल भिजत घातले.

रविवारी सकाळी मोठं पातेलं चढवलं, तेल ओतलं. नॅपकिन कुठे आहे ते दोनदा चाचपून पाहिलं. पूर्वी मी एकदाच बघायचे. मग दाराकडे तोंड करून म्हटलं, "सपाता घालून ये."

 थोड्या वेळाने जिन्यावरून फटफट आवाज खाली आला, माझ्या पाठीशी येऊन थांबला, आणि मी गॅस लावला.