विज्ञानाच्या सरांनी वर्गाला विचारलेला प्रश्न

सरांसारखा, सरळ उत्तर न देता आयुष्य काढलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. पोलादपूरजवळच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे आणि मी मराठी. महाडची एसटी गेली का, असं विचारलं तर म्हणत, "स्टँडवर माणसं किती उरलीत, त्यावरून सांगा बघू." त्यांच्या पत्नी सांगायच्या, की भाजीत मीठ कमी पडलंय का, हेसुद्धा त्यांच्याकडून कळत नाही; उलट तेच विचारतात, तुला कशावरून शंका आली?

वर्गातही तेच. मुलांचे चार-पाच जणांचे गट करायचे आणि दुकानदाराच्या मुलाशेजारी डोंगरातल्या कुडपण गावच्या शेतकऱ्याची मुलगी मुद्दाम बसवायची. मग आपापल्या गावची माती आणायला सांगून विचारायचं, पाणी कुठल्या मातीत जास्त टिकतं आणि का? मुलं फडक्यावर माती घेऊन त्यातून पाणी गाळत, भांडत, पुन्हा गाळत. कोणी अडलं की सर तिथे आणखी एक छोटा प्रश्न ठेवून पुढच्या गटाकडे जात. गटातल्या सगळ्यांना पटल्याशिवाय उत्तर सांगायची परवानगी नव्हती. शेजारच्या वर्गातली माझी कविता त्या गलक्यात बुडून जायची.

एका वर्षी दहावीच्या पालकांनी तक्रार केली, की सर शिकवत नाय, पोरांनाच इचारतात. मुख्याध्यापक दहावीचा वर्ग काढून घ्यायची भाषा बोलू लागले. सर त्या दिवशी डबा न उघडताच वर्गात गेले आणि पालकांचं म्हणणं खरं की खोटं, हाच प्रश्न त्यांनी गटांना दिला. मला राहवेना, म्हणून मी दारात जाऊन उभी राहिले.

बराच वेळ कुजबुज चालली. शेवटी कुडपणची ती मुलगी उठली. एरवी ती गटाबाहेर तोंड उघडत नसे.

"सर, आमी शोधतो ते बरं हाय. पण शेवटी बरोबर काय ते तुमी सांगत नाय. मग घरी जाईपर्यंत जिवाला घोर लागतो."

सरांचा चेहरा उतरला. आता तिलाही उलटा प्रश्न येणार, असं मला वाटलं. पण ते खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, "बरोबर आहे तुझं."

दुसऱ्या दिवसापासून तासाचा शेवट त्यांनी स्वतःकडे घेतला. गटांनी शोधलेलं फळ्यावर मांडायचे, चुकलेलं दुरुस्त करून नीट समजावायचे. मुलांनी घरी सांगितलं असावं. तक्रारी थांबल्या आणि दहावी त्यांच्याकडेच राहिली.

निवृत्तीनंतर ते मुलाकडे मुंबईला निघाले, तेव्हा मी वीर स्टेशनपर्यंत रिक्षाने सोडायला गेले होते. गाडीला वेळ होता.

"एवढी वर्षं मी मुलांना सगळ्या जगाबद्दल विचारलं," ते म्हणाले, "माझ्याबद्दल मात्र एकदाच. आधी विचारायला हवं होतं."

आम्ही दोघंही रुळांकडे बघत उभे राहिलो.