कबूल केलेली जागा

गव्हाणच्या किशोरीला कुणी विचारलं, ऑफिसात नेमकं काय करतेस, की ती म्हणायची, मशीनं सांभाळते. विचारणारा मनात पिठाची गिरणी धरायचा नाहीतर शिलाईचा कारखाना, आणि ती त्याला खुशाल धरू द्यायची. समजावत कोण बसणार!

पनवेलजवळच्या एका कंटेनर गोदामात ती सर्व्हर ॲडमिन होती. २०१२-१३ची गोष्ट. पूर्वी तिथे दर खात्याचा वेगळा सर्व्हर असायचा, एसीच्या खोलीत सगळे घोंघावत बसायचे. किशोरीने कोर्स केला आणि ती सगळी जत्रा दोन दणकट सर्व्हरांच्या पोटात बसवली. आत व्हर्च्युअल, म्हणजे नुसती भासणारी, मशीनं: अकाउंट्सचं एक, कस्टमच्या कागदांचं एक, गेटपासचं एक. प्रत्येकाला वाटावं आपला संसार वेगळा. खाली सगळं साठवायचा डिस्कचा बॉक्स मात्र सगळ्यांत मिळून एकच.

जागा मागताना खात्यांचा हात कधी आखडत नाही. पन्नास जीबी लागणारा पाचशे मागतो. किशोरी सगळ्यांना हो म्हणायची. मशीनला पाचशे दिसायचे, पण बॉक्समधली खरी जागा भरेल तेवढीच जायची. असं करत करत तिने बॉक्समध्ये होती त्याच्या जवळजवळ दुप्पट जागा कबूल करून ठेवली. कोर्सात यावर सावध करणारा आख्खा धडा होता. तो वाचून तिला हसूच आलं, कारण तिची आई गंगाबाई पनवेलच्या मासळी बाजारात जन्मभर हेच करत आली होती. टोपलीत येईल त्याहून जास्त गिऱ्हाइकांना "तुमची ठेवते हां" म्हणायचं. सगळी थोडीच एका दिवशी येतात? जागा भरत आल्याचा इशारा रोज यायला लागला, तेव्हा किशोरीने तो बंदच करून टाकला. कटकट नुसती.

पण अहो, गौरी जेवण्याचा दिवस असतो की. त्या दिवशी सगळी येतात.

त्या वर्षी किशोरी रजा टाकून सकाळपासून आईच्या मदतीला बाजारात होती. होड्यांना कोळंबी कमी मिळालेली, आणि इकडे गौरीला मासळीचा नैवेद्य असतो, त्यामुळे ती हवी असणाऱ्यांची ही रांग. टोपली रिकामी झाली, तेवढ्यात करंजाड्याच्या शशिकलाबाई आल्या. त्यांचीही ठेवते म्हटलेलं. गंगाबाईने पाठीमागे फडक्याखाली झाकलेला डबा ओढला, त्यातली कोळंबी हसतहसत त्यांच्या पिशवीत ओतली आणि वर दोन जास्त घातल्यासारखं केलं. तो डबा घरच्या गौरीसाठी होता. किशोरीचं डोकंच फिरलं. आपल्या गौरीने काय उपाशी राहायचं का, असं ती शशिकलाबाईंची पाठ वळताच आईला बोलली.

"सबूद मी दिलाय," गंगाबाई म्हणाली. "कमी पडलं तर पयलं घरचं जातं. देवीला कलतं."

तेवढ्यात ऑफिसातून फोन आला. गेटपास बंद, अकाउंट्स बंद, सगळं बंद.

हाताला मासळीचा वास तसाच घेऊन ती रिक्षाने ऑफिसात पोचली. स्क्रीन बघितला आणि घोळ कळला. दुसऱ्या दिवशीच्या विसर्जनाच्या सुट्टीत काही बिघडलं तर, या धास्तीने प्रत्येक खात्याने नेमकी त्याच सकाळी आपापल्या मशीनमध्ये सगळ्या कामाची एक-एक जादा प्रत काढायला घेतली होती. बॉक्स काठोकाठ भरला आणि मशीनं जागच्या जागी थिजली. आत शिरून त्या प्रती पुसायचीही सोय उरली नाही. बाहेर ट्रेलर हायवेपर्यंत उभे, आणि दुपारच्या आत कंटेनर न्हावा शेव्याला पोचले नाहीत तर जहाज त्यांना सोडून जाणार.

तिचे साहेब अवधूत सर माणूस चांगला, पण मालकांपुढे थरथरणारा. त्यांनी बॉक्स बिघडल्याचं वर कळवूनही टाकलं होतं. आता तूही तेच म्हण, ज्याने विकला तो बघून घेईल, असं ते तिला हळूच म्हणाले. झाकलं असतं तर झाकलं गेलं असतं.

पण आधी जागा हवी होती. बॉक्समध्ये जे होतं ते कुणाच्या ना कुणाच्या चालू कामाचं. अपवाद एकच: कोपऱ्यात किशोरीने सरांच्या परवानगीने स्वतःसाठी उभारलेली सरावाची मशीनं. वर्षभर जेवणाच्या सुट्टीत बसून ती रचलेली, मोडून पुन्हा रचलेली. त्यांच्यावर सराव करून पुढच्या पंधरवड्यात ती मोठी परीक्षा देणार होती. पास झाली की ऐरोलीच्या कंपनीतली नोकरी ठरल्यासारखीच होती. ती दुसरीकडे उतरवून घ्यायला अर्धा दिवस गेला असता. ट्रेलरवाल्यांकडे अर्धा दिवस नव्हता.

तिने ती पुसली. खात्री आहे का, असं मशीनने विचारलं, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. जागा मोकळी झाली, एकेक मशीन जागं झालं, गेटवरचा पहिला ट्रेलर हलला. मग ती सरांकडे वळली.

"बॉक्स चांगला आहे, सर. जागा मी जास्त कबूल केली होती."

सरांनी मालकांना पुन्हा फोन लावला, आणि तो किशोरीच्या हातात दिला. मालकांनी तिला भरपूर सुनावलं, नवीन डिस्क मंजूर केल्या, आणि त्या वर्षीची पगारवाढ कापली. परीक्षा काही तिने दिली नाही.

संध्याकाळी घरी गौरीपुढे केळीच्या पानावर ताज्या कोळंबीऐवजी सुक्या सोड्यांचं कालवण होतं. लेकीचा चेहरा बघून गंगाबाईने काय झालं ते विचारलं, आणि किशोरीने सांगितलं. मशीनं काय ते आईला कळलं नसेल, पण वर्षाचं काम गेलं एवढं कळलं. तुला बरं जमतं हसतहसत द्यायला, मला नाही जमत, असं किशोरी शेवटी चिडून म्हणाली.

गंगाबाई गौरीच्या पानातला भात उगाच सारखा करत राहिली.

"जमतंय कसलं," ती म्हणाली. "ती बाय वलंपर्यंतच हसत व्हते मी."